नस चालू, पाय आहे, रुग्ण आहे

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तळपाय तुम्ही शेवटचे कधी पाहिलेत? 'गेल्या दिवाळीत पाया पडलो तेव्हा' असं सांगू नका. पाया पडताना आपण पाय बघत नाही. वाकतो, पायाच्या वीतभर वर हवेत हात फिरवतो, तो छातीला लावतो आणि चिवड्याकडे वळतो. लग्नात, परीक्षेच्या दिवशी, निवडणुकीत, फौजेत भरतीला निघताना आपण सगळीकडे पायच धरतो. आणि त्याच पायाचं बोट काळं पडलेलं कळायला घराला महिना लागतो. माझी नोकरी या चमत्कारावर चालते.

मी नर्स आहे. सांगलीकडच्या एका रुग्णालयात पायाच्या रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं होतात. तिथे माझं काम सगळ्यांचं काम संपल्यावर सुरू होतं. सत्तरी ओलांडलेल्या ज्या माणसांच्या पायाचं बायपास झालं, त्यांचं पुढे काय झालं ते बघायचं. एका महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने. जे येत नाहीत त्यांच्या घरी जायचं. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मी एसटीने, वडापच्या खच्चून भरलेल्या जीपने आणि दोनदा उसाच्या ट्रॅक्टरवरून पालथे घातले आहेत. कागदोपत्री माझं पद 'पाठपुरावा सहायक'. गावात म्हणतात, 'पाय बघणारी बाई आली'. गावाने दिलेलं पद जास्त खरं आहे.

बायपास म्हटलं की लोक हृदयावर हात ठेवतात. पायाचंही असतं. पायाला रक्त नेणारी मोठी नस वयाने, साखरेने आणि तंबाखूने आतून भरत जाते. सुरुवातीला चालताना पोटरी धरते, थांबलं की सुटते. आपल्याकडे याला 'वय झालं' म्हणतात. मग बसल्या जागी पाय ठणकतो, माणूस खाटेवरून पाय खाली सोडून झोपतो. याला 'वात' म्हणतात. मग बोट काळं पडतं. याला 'चप्पल चावली' म्हणतात. तिन्ही निदानं घरबसल्या झाली की मग आमच्याकडे येतात. डॉक्टर त्याच माणसाच्या पायातली एक जादाची शीर काढून ती तुंबलेल्या भागाच्या वरून खाली जोडतात. वाहतूक पुन्हा सुरू.

माझा फॉर्म एका पानाचा आहे. नाव-गाव सोडलं तर प्रश्न तीन. नस चालू की बंद? पाय आहे की नाही? रुग्ण आहे की नाही? तिन्ही उत्तरं चांगली आली की रुग्ण यशस्वी. त्या फॉर्मांचे तक्ते होतात आणि आमचे सर, म्हणजे सर्जन, ते परिषदांमध्ये दाखवतात. टाळ्या पडतात. टाळ्या खोट्या नाहीत. सरांच्या हाताखाली वाचलेले पाय मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. फक्त, तीन प्रश्नांत अख्खा माणूस मावतो, असं त्यांना वाटतं. पहिली दोन वर्षं मलाही वाटत होतं.

आता माझ्या पत्रकाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा घोळ त्याने केला. माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात पत्रकं लिहिली आणि एसटी स्टँडवर उभं राहून वाटली. दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, नवसाविरुद्ध. मी अक्षरं शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवरून. त्यामुळे नोकरीला लागल्यावर पहिलं काय केलं असेल, तर रुग्णांसाठी पत्रक काढलं. नऊ मुद्दे, प्रत्येकापुढे उद्गारचिन्ह. वर ठळक, बोटभर उंचीच्या अक्षरांत मथळा: 'पायाला जपा!' जागा कमी पडली म्हणून प्रेसवाल्याने नववा मुद्दा बारीक टाइपात तळाशी बसवला. मी प्रूफ पाहिलं, मथळ्यावर खूश झाले आणि सही केली.

पत्रकाने क्रांती होईल अशी माझी समजूत होती. कोयनानगरला धरणाच्या कामावरून निवृत्त झालेले एक आजोबा होते. त्यांना मी चौथा मुद्दा वाचून दाखवला, 'तंबाखू, बिडी, मिश्री आजच सोडा!' ते म्हणाले, "सिस्टर, भूकंपात घर पडलं तवा बी हातातली बिडी पडू दिली न्हाई. आता तुमच्या कागदावर लिवलंय म्हणून सोडू व्हय?" त्यांची नस तीन महिन्यांत बंद पडली आणि पाय मांडीतून गेला. फॉर्म भरायला गेले तेव्हा दारात बसून बिडीच ओढत होते. "आता काय कापशीला?" म्हणाले. मी पुन्हा चौथा मुद्दा काढला. त्यांनी शांतपणे ऐकलं, कागद मागून घेतला आणि त्यावर बिडी विझवली.

उलट आटपाडीकडचे बिरूआण्णा. मेंढपाळ, वय त्यांनाच माहीत नाही, आम्ही पंचाहत्तर लिहिलं. ऑपरेशननंतर एकदा आले, मग गायब. फोन बंद. दोनदा गावी गेले, घराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "ते व्हय? ते मेंढरं घिऊन गेलं की."

"कुठे?"

"जितं चारा आसंल तितं."

"अहो, पण त्यांच्या पायाचं एवढं मोठं ऑपरेशन झालं होतं!"

"म्हणून तर गेलं. दोन वरसं बसून हुतं बिचारं."

फॉर्ममधला एकही प्रश्न भरता येईना. अशा रुग्णावर 'संपर्क तुटला' असा शिक्का बसतो आणि तक्त्यात तो गमावलेल्यांत जातो. आमच्या सगळ्या रुग्णांत जो सर्वांत जास्त चालला असेल, तो चालल्यामुळे बेपत्ता ठरला.

पण मला सांगायचंय ते आबांबद्दल. औंधच्या अलीकडचं गाव. आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, नंतर ऊस केला. आले तेव्हा अठ्ठ्याहत्तर वय, उजव्या पायाचं एक बोट कोळशासारखं, आणि मिशा मात्र परेडला निघाल्यासारख्या. बरोबर बायको, जिला सगळे जिजी म्हणत, आणि पन्नाशीचा मुलगा दत्ताभाऊ. सरांनी त्यांना चित्र काढून ऑपरेशन समजावलं, त्यात अर्ध्याहून जास्त शब्द इंग्रजी. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे जुन्या पाटात गाळ बसला, म्हणून शेजारनं नवी चारी काढायची. एवडंच न्हवं का?" तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णाला हेच वाक्य सांगते. सरही सांगतात, पण आपलं म्हणून.

ऑपरेशन उत्तम झालं. काळं बोट काढलं, पाय राहिला. आमच्याकडे पेनाएवढी नळी असलेलं एक यंत्र आहे, पायावर टेकवलं की आतल्या रक्ताचा आवाज ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी ते लावलं आणि खोलीभर सुसाट आवाज घुमला. जिजी दचकल्या. "काय वाजतंय ह्ये?"

"तुमच्या मालकांचं रक्त."

त्यांनी यंत्राला हात जोडले. मी मनात यंत्राच्या वतीने निषेध नोंदवला.

महिन्याने त्यांच्या गावी गेले. वेशीवर फ्लेक्स. फौजी गणवेशातले आबा, शेजारी गोलात त्यांच्या पायाचा वेगळा फोटो, आणि खाली, 'शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ'. घरात सोप्यात खाट, खाटेवर मखमली उशी, उशीवर तो पाय. उशाला शाळेची पितळी घंटा. तहान लागली, एक टोला. लघवीला, दोन टोले.

"म्हैना झाला, खाली टेकू दिला न्हाई पाय," दत्ताभाऊ छाती काढून म्हणाले. "पैल्या आठवड्यात दोन पावलं चालले आन टम्म सुजला. मग म्हणलं, न्हाईच. येवडा वाचलाय, त्यो काय झिजवायला?"

बायपासनंतर तो पाय सुजतोच, त्यात घाबरण्यासारखं नसतं. हे मी सांगितलं, पण लक्ष होतं भिंतीवर. देवांच्या फोटोंच्या ओळीत माझं पत्रक, लॅमिनेट केलेलं, वर हार. "तुमीच लिवलंय न्हवं?" दत्ताभाऊंनी बोटभर उंचीच्या अक्षरांवर बोट ठेवलं. 'पायाला जपा!' खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला. वडिलांची पत्रकं लोक शेंगदाण्याला वापरत. माझ्या पत्रकाला हार होता.

जिजी चहा घेऊन आल्या. अंगणातून घाईने आल्या आणि एका पायातली चप्पल उंबऱ्याबाहेरच निसटून राहिली. त्यांना कळलंही नाही. एक पाय चपलेत, एक उघडा, तशाच कप ठेवून गेल्या. मी हसून म्हटलं, "जिजी, चप्पल माहेरी राहिली तुमची." त्याही हसल्या, "लक्षच ऱ्हात न्हाई गं पोरी."

मी खाटेवरच यंत्र लावलं. नस चालू. पाय आहे. रुग्ण आहे. निघताना आबा म्हणाले, "सिस्टर, पाय चांगला झाला म्हंत्यात सगळी. मग मला त्यो वापराय कवा देणार?"

मला तो विनोद वाटला. मी दाद दिली आणि वडाप पकडलं.

सहा महिन्यांनी गेले तेव्हा उशीवरच्या पायाची पोटरी काठीएवढी झाली होती. गुडघा सरळ होईना. टाच उचलून पाहिली तर रुपयाएवढी जखम, खाली काळसर. पडून पडून झालेली. ज्या पायाला जखम झाली म्हणून नवं रक्त आणलं, त्या पायाला त्याच उशीने नवी जखम केली होती. यंत्र लावलं. आवाज पहिल्यापेक्षा खणखणीत. नवी चारी धो धो वाहत होती आणि रानात पीक नव्हतं. फॉर्म मांडीवर घेतला. नस चालू. पाय आहे. रुग्ण आहे. तिन्ही उत्तरं पुन्हा चांगली, आणि माझ्या पुढ्यात सहा महिने खाटेवर वाळत पडलेला सुभेदार.

ही जखम अशीच राहिली तर पाय जाणार, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. दत्ताभाऊ हळूच म्हणाले, "आन पुडच्या म्हैन्यात तर जिजीचा नवस फेडायचाय."

"कसला नवस?"

जिजी पुढे आल्या. "बोललीया मी यमाईला. आपरेशनच्या दाराबाहेर बसून बोललीया. पाय वाचला तर त्येच पायानं, अनवाणी, मालकांस्नी डोंगर चढवीन."

सहा महिने ज्याला मोरीपर्यंत चालू दिलं नाही, त्याला आता अनवाणी डोंगर चढवणार होते. माझ्यात वडील संचारले. मी उभी राहिले. नवसाने नस उघडत नाही, शास्त्राने उघडते. अनवाणी नेलंत तर तो पाय देवीला नव्हे, आमच्या ऑपरेशन टेबलला वाहाल. असं मी बरंच बोलले. मुद्देसूद, उद्गारचिन्हांसह.

जिजींनी ऐकलं. "डाक्टरला हात कुणी दिलं?"

"त्यांच्या आईने!"

"मग ती बी आईच की." आणि मग त्यांचा आवाज चढला. "आन तुझ्या कागदानं काय केलं गं? आमी त्यो पाळला. तू म्हणलीस जपा, आमी जपला. तळहातावर ठेवला पाय. आता येऊन आमालाच बोलतीस?"

"मी चाला असंही लिहिलंय!" मी पत्रक भिंतीवरून काढलं. हार बाजूला केला. नववा मुद्दा हाराखाली होता. हार काढूनही दिसेना. डोळ्यांजवळ नेल्यावर दिसला: 'रोज थोडे थोडे चाला, चालणे वाढवत न्या!' त्या उद्गारचिन्हाचा ठिपकासुद्धा छापला गेला नव्हता.

दत्ताभाऊ म्हणाले, "ताई, ते बारीक हाय. बारीक आसतंय ते कोण वाचतंय? विम्याच्या कागदावर बी आसतंय की."

मी खाली बसले. त्या घराला मी मनात अडाणी ठरवायच्या तयारीत होते. घराने माझंच ऐकलं होतं. जे मोठं लिहिलं ते मोठं धरलं.

तेवढ्यात घंटेचे टोले पडले. एक नाही, दोन नाही, आबांनी ती बडवलीच. "गप! दोगी बी गप. नवस हिनं बोलला, कागद हिनं लिवला, आन पाय माजा हाय. त्यो माज्या इचारानं चालंल." त्यांनी घंटा खाली ठेवली. "डोंगर चढायचा. जखम भरल्याबिगार न्हाई. आन बूट घालून. बिनबुटाची चढाई, असली आर्डर म्या पलटणीत कुणाला दिली न्हाई, मी सोता घेणार न्हाई."

"आन मी अनवाणी म्हणलीया त्येचं काय?" जिजी म्हणाल्या. मग स्वतःच, "ऱ्हाऊ द्या. चढायचं तुमी चढा. अनवाणी मी येती. दोगांचं मिळून येक."

सगळ्यांना ते पटलं. देवीला हरकत नव्हती, सुभेदारांना नव्हती, मलाही नव्हती. घरी जाताना मी स्वतःवर फार खूश होते. श्रद्धा आणि शास्त्र यांची अशी तडजोड मी घडवून आणली होती की दोन्हीकडच्यांनी पत्रक काढावं. ज्या बाईने आपले पाय पुढे केले, तिचे पाय एकदा बघू, एवढंच सुचलं नाही.

टाच भरायला तीन महिने लागले. आठवड्यातून दोनदा आमची माणसं ड्रेसिंगला जात. मखमली उशी गेली, घंटा माळ्यावर गेली. आबा पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा लटलटले आणि फौजेतल्या हिंदीत स्वतःलाच शिवी दिली. मग दारापर्यंत, मग गोठ्यापर्यंत, मग कॅनॉलपर्यंत. कंटाळले की जिजी मागून म्हणत, "आवं, डोंगर चढायचाय, गोठ्यात बसून न्हाई भागायचं." माझ्या नऊ मुद्द्यांना जे जमलं नाही ते एका नवसाने केलं. हे मी वडिलांना अजून सांगितलेलं नाही. हा दिवाळी अंक हातात पडेल तेव्हा त्यांना कळेल. मग घरात जाहीर निषेध होईल.

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही पायथ्याला जमलो. मला यायची गरज नव्हती, पण मी सुट्टी काढून आले. आबांच्या पायात मऊ तळाचे खास बूट, हातात काठी. त्यांच्या शेजारी जिजी, नवी साडी, पायात काही नाही. मागे दत्ताभाऊ घडीची खुर्ची घेऊन, त्यांच्यामागे मी ड्रेसिंगची पिशवी घेऊन. पायऱ्यांवर गर्दी होती, जागोजागी फोडलेल्या नारळांचे तुकडे. दहा पायऱ्या झाल्या की दत्ताभाऊ खुर्ची उघडत आणि आबा म्हणत, "मीट ती." अर्ध्याच्या वर गेलो आणि पोटरी धरली नाही, याचा आनंद त्यांच्या मिशांत मावेना.

मग मला पायरीवर रक्त दिसलं. पावलाच्या मापाचा ओला डाग. त्याच्या खालच्या पायरीवर दुसरा. त्याच्या खाली तिसरा.

"आबा, बसा!" मी ओरडले. दत्ताभाऊंनी खुर्ची उघडली, आबांना जवळजवळ ढकललंच. मी गुडघ्यावर बसून बूट सोडला, दत्ताभाऊंनी मोजा ओढला. वरून उतरणारे दोघे-चौघेही वाकले. टाच पाहिली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, तळवा उजेडात धरला. पाय कोरडा. गुलाबी, उबदार, कोरडा. दुसरा पाहिला. तोही कोरडा.

"नीट बगा," जिजी आमच्या डोक्यावरून म्हणत होत्या. "टाचंखाली बगा. बगितलं का टाचंखाली?"

आबा मात्र आमच्याकडे बघत नव्हते. ते खाली बघत होते, जिजींच्या पायाकडे. "अगं," ते म्हणाले, "तू कशात हुबी हाईस?"

जिजी रक्तात उभ्या होत्या. मी त्यांचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला. चवड्याखाली करवंटीचा टोकदार तुकडा, बोटाच्या पेराएवढा, आत रुतलेला. किती पायऱ्या त्यावर चालून आल्या होत्या कोण जाणे. मी तो ओढून काढला. त्यांनी 'आई गं' केलं नाही. पाय मागे घेतला नाही. "काय लागलं व्हय?" एवढंच विचारलं.

तेव्हा मला ती चप्पल आठवली, उंबऱ्याबाहेर राहिलेली. पायातून चप्पल निसटते आणि कळत नाही, तेव्हा पाय बधिर झालेला असतो. हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. मी त्यावर विनोद केला होता. त्या घरात पाय सहा होते आणि वर्षभर आमचं सगळ्यांचं लक्ष एकावर होतं.

जिजींना साखर होती. "थोडी हाय म्हणले हुते कवातरी. पर ह्येंचं चाललेलं, त्यात माजं कवा बगायचं?" पायातली नस आबांच्याइतकीच तुंबलेली. पोटरीही धरायची त्यांची, पण त्या थांबत नसत म्हणून कुणाला दिसलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "जिजी, मी तुमचा पाय आधी बघायला हवा होता." त्या म्हणाल्या, "तू कशाला बगशील? तुज्या कागदावर माजं नाव हुतं का?"

नव्हतं. ते नंतर आलं. सरांनी त्यांचंही बायपास केलं. जोडायला घेतलेली शीर बारीक होती. तीन महिने आवाज आला, चौथ्या महिन्यात यंत्र लावलं तर खोली गप्प. चवडा सडला, ताप डोक्यात जायला लागला, आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला. या वेळी वेशीवर फ्लेक्स लागला नाही.

गेल्या महिन्यात जिजींचा वर्षाचा फॉर्म भरायला गेले होते; गडबडीत राहिलेला आबांचाही बरोबर होता. दोघं घरी नव्हती. दत्ताभाऊ म्हणाले, "कॅनॉलवर बगा." तिथे लांबूनच आबांचा आवाज आला, "बायाँ! दायाँ! बायाँ! गुडगा ढिला नको!" आणि त्याहून मोठा जिजींचा, "आवं, हळू! मी काय तुमची पलटण हाय?" कृत्रिम पायावर, आबांच्या काठीचं दुसरं टोक धरून त्या चालल्या होत्या. एका टोकाला चालू नसेचा पाय, दुसऱ्या टोकाला नसलेला. कोण कुणाला ओढत होतं ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मला बघून जिजींनी साडी वीतभर उचलली आणि रबरी पाऊल दाखवलं. "ह्येला काटा टोचला तरी कळत न्हाई बग," म्हणाल्या. "पर जुन्याला तरी कुटं कळत हुता?"

कॅनॉलच्या कठड्यावर बसून मी फॉर्म भरला. आबा: नस चालू, पाय आहे, रुग्ण आहे. यशस्वी. जिजी: नस बंद, पाय नाही, रुग्ण आहे. अयशस्वी. मग दोघांच्याही फॉर्मवर मी पेनाने खाली चौथा प्रश्न लिहिला, 'रोज कुठपर्यंत जातात?' आणि उत्तर लिहिलं, 'कॅनॉलपर्यंत'. शिवाय पाचवा, 'घरातल्या बाकीच्यांचे पाय पाहिले का?'

सरांनी फॉर्म पाहिले. "कॅनॉलपर्यंत? याचा तक्ता कसा करायचा?"

"माहीत नाही, सर. पण आबा खाटेवर वाळत होते तेव्हाही तुमच्या तक्त्यात यशस्वीच होते."

सरांनी दोन्ही फॉर्म आपल्या फाइलीत ठेवले. परत केले नाहीत. नव्या छपाईत चौथा प्रश्न येणार आहे म्हणे. पाचव्याला जागा नाही.

जागा नाही म्हणूनच तो इथे लिहिते आहे. मी नवं पत्रक काढलेलं नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. या दिवाळीत वाकाल तेव्हा लगेच वर येऊ नका. खाली बसा. मोजा काढा. तळवा उजेडात धरा, टाच बघा, बोटांच्या बेचक्या बघा. पावलाच्या पाठीवर हात ठेवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागतो का बघा. डोळे मिटायला सांगा, एका बोटाला हलकेच हात लावा आणि विचारा, कुठं लावला. सांगता आलं नाही, किंवा जखम दिसली, काळं दिसलं, तर फराळ थांबू शकतो, दवाखाना नाही. सगळं ठीक असेल तर हात धरून उठवा आणि कोपऱ्यापर्यंत चालवून आणा.

आणि सुरुवात त्या माणसापासून करा, जे पाय आखडून घेईल आणि म्हणेल, "माजं काय बगतोस, त्येंचं बग."